मृणालीच्या कपलरचे कोपरे

बस एरंडोलच्या पुढे गेली तेव्हा मृणालीने पुडकं उघडलं आणि किंचाळली. तिच्या कपलरचे चारही कोपरे कुणीतरी तिरके छाटले होते!

चार महिने खपून तिने हे सिग्नल वाटणारं सर्किट डिझाइन केलं होतं. आलेल्या सिग्नलचे दोन सारखे वाटे करायचे, त्यातला एक लहरीच्या पाव फेऱ्याने मागे ठेवायचा, आणि हे सगळं फ्रिक्वेन्सीच्या चांगल्या रुंद पट्ट्यात जमलं पाहिजे. त्यासाठी तांब्याच्या जाड-बारीक पट्ट्यांची एक शिडी. जळगावात ती कोरून देणारं कुणी मिळेना, म्हणून तिने निर्मलकुमार शेठांचं नावपाट्यांचं दुकान गाठलं. शेठांची मुलगी विधी तिथे तांब्यावर आडनावं कोरायची. आणि धुळ्याच्या कॉलेजातलं मोजणीचं मशीन आज फक्त बारापर्यंत मिळणार होतं.

तिने फोन लावला. "विधी, माझे कोपरे कुठे गेले?"

"डोळ्यांना टोचत होते गं. काढून टाकले."

"कुणाला विचारून?"

"त्यात काय विचारायचं? आता कसं, झोकदार दिसतंय!"

शेजारच्या सीटवरच्या भागाबाई घाबरल्या. "काय व्हयनं, पोरी?"

"कोपरे कापले, मावशी!"

"कोपराच ना? बोट तं नही ना कापाई गयं?"

धुळ्याच्या लॅबमध्ये शिरताच मृणालीने मशीन सांभाळणाऱ्या पंडित सरांना सांगून टाकलं, "सर, बिघडलंय. मोजू नका."

"आलीच आहेस तर मोजू," म्हणत सरांनी वायरी जोडल्या. पडद्यावर रेघा उमटल्या आणि सर खुर्चीतून उठलेच.

"दोन ते चार गीगाहर्ट्झ लिहिलंयस ना? हे तर साडेचारपर्यंत जातंय! पुन्हा लाव!"

पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. वाटे सारखेच, पाव फेरा जागच्या जागी. मृणाली टेबलाला धरून अक्षरशः नाचायला लागली.

"काटकोनात तांबं जास्त होत होतं, तिथून सिग्नल मागे फिरला असता," सर म्हणाले. "कोपरे कापायची कल्पना कुणाची?"

स्वतःचं नाव तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिने निमूटपणे विधीला फोन लावून स्पीकर चालू केला.

"मॅडम," सरांनी अदबीने विचारलं, "कोपरे नेमके किती कापायचे, हे कसं ठरवलंत?"

"काय ठरवायचं, सर? थोडं कापलं, लांबून बघितलं. परत थोडं कापलं. बरं दिसायला लागलं, थांबले."

सरांनी वहीत गंभीरपणे लिहून घेतलं : 'टप्प्याटप्प्याने ऑप्टिमायझेशन.'