मोकाशींची मागची बाल्कनी

मोकाशीकाका कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी भिंत ठोकायचे. मधलं बोट वाकवून, डोळे मिटून, डॉक्टर पाठ ठोकून बघतात तसं. आमच्या वास्तुशांतीला गुरुजी संकल्प सांगत होते आणि काका देव्हाऱ्यामागच्या भिंतीला कान लावून उभे. "प्लास्टर सुटलंय! बिल्कुल पोकळ!" गुरुजी थांबले. काकू म्हणाल्या, "अहो, आधी नमस्कार करा. मग ठोका."

दिल्लीत मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत ते तिसऱ्या मजल्यावर, आम्ही त्यांच्या खाली. सगळी नोकरी सरकारी बांधकाम खात्यात, इमारती तपासण्यात गेली. त्यानंतर कित्येक वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी. घरात मराठी, जिन्यात हिंदी आणि संतापले की नियमावलीतली कलमं. कुणी बाल्कनीला नुसती काच लावली तरी नोटीस दारात. मलाही एसीच्या जाळीसाठी आली होती. मी तणतणत वर गेले, तर काकांनी चहा पाजला, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः स्टुलावर चढून जाळी नियमात बसवून दिली.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी घर विकायला काढलं. लिफ्ट नाही आणि काकूंचे गुडघे गेलेले. पुण्याला मुलीकडे जायचं ठरलं. खुराना नावाचं तरुण जोडपं घर घ्यायला तयार झालं, पण कर्जाआधी घराची तपासणी हवी म्हणाले. त्यांच्यासोबत नेहा नावाची एक इंजिनिअर मुलगी आली. काकूंनी मला सोबतीला बोलावलं होतं.

काका तर हरखून गेले. पोरीच्या मागे मागे फिरत तिला आपल्याच घरातले दोष दाखवायला लागले. "यह देखो बेटा, गीझर को अर्थिंग नहीं है. लिखो, लिखो!" खुरानांचा चेहरा पडत चालला होता.

मग नेहा मागच्या बाजूला गेली. तिथे बाल्कनी असायला हवी होती. तिथे एक खोली होती. विटांची भिंत, खिडकी, दार. मागे नाला आणि जांभळाचं दाट झाड, त्यामुळे बाहेरून कधी कुणाला दिसली नव्हती. इतक्या वर्षांत मीही पुढच्या खोलीपलीकडे कधी गेले नव्हते.

नेहानं मंजूर नकाशा पाहिला. "अंकल, यह तो प्लान में नहीं है. और बाल्कनी का स्लॅब ईंट की दीवार के लिए नहीं होता."

"नहीं होता," काका म्हणाले. "मैंने ही बनवाया है. लिखो."

मला त्यांचा रागच आला. आमच्या जाळ्या मोजत हिंडले आणि स्वतः आख्खी खोली!

बँकेनं अहवाल पाहून कर्ज अडवलं: बांधकाम काढा, मगच पुढे. दलाल म्हणाला, "अंकल, सबने किया है. दूसरे से रिपोर्ट बनवा लेंगे." काकांनी त्याला दार दाखवलं. संध्याकाळी खाली बोर्डावर नोटीस लागली. देणारा मोकाशी, घेणारा मोकाशी, दोन्हीकडे सही. लोक फोटो काढून हसले. काका त्यांच्या समोरून मान खाली घालून दूध घेऊन गेले.

त्यातच प्रदूषण वाढलं म्हणून दिल्लीत बांधकाम-पाडकामावर बंदी आली. खुराना रोज फोन करायचे, दुसरा फ्लॅट बघतो म्हणायचे. "हळूच काढून टाका ना, कोण बघतंय?" मी म्हटलं. काका म्हणाले, "एकदा केलं तसं. पुन्हा नाही."

बंदी उठल्यावर मिस्त्री आला. चार दिवसांत भिंत उतरली. इलेक्ट्रिशियननं अर्थिंग दिलं. नेहा पुन्हा येऊन बघून गेली आणि कर्ज मंजूर झालं.

सामान बांधायच्या दिवशी मी वर गेले. काका उघड्या बाल्कनीत उभे होते.

"कुणासाठी होती ही खोली?"

"आक्कासाठी. माझी थोरली बहीण. तुम्ही राहायला यायच्या आधीच गेली ती. अकरा वर्षं होती इथे."

"मग परवानगी मागायची ना, काका. कोण नाही म्हणालं असतं?"

"कुणीच नाही. पण अर्जात कारण लिहावं लागतं. काय लिहू? विधवा बहीण, दिरांनी घराबाहेर काढली, जायला जागा नाही? तो अर्ज मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचतात. मग ती जिन्यात दिसली की प्रत्येकाच्या डोळ्यात तेच."

काकू आतून वर्तमानपत्रात कपबशा गुंडाळत होत्या. त्या म्हणाल्या, "पंधरा दिवसांत बांधली यांनी. रंग वाळला, तेव्हा आणायला गेले तिला."

"ती येईना," काका म्हणाले. "तुमची अडचण होईल म्हणाली. मी सांगितलं, अगं, आमच्याकडे एक खोली पहिल्यापासून रिकामीच पडून आहे. तू आलीस तर वापरात तरी येईल."