दुरून ओळखलेला मोरिता

समोर बसलेल्या माणसाला दुरून ओळखायचा हुकूम ज्या कोणा साहेबाने काढला, त्याने ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहराच्या गॅस प्रकल्पातल्या तमाम लोकांचा जीव टांगणीला लावला, असा आमचा थेट आरोप आहे.

झालं असं, की जपानी कंपनीचे मोरिता प्रकल्पावर मुख्य इंजिनीअर म्हणून आले. लगेच 'संस्कृती-समज कक्ष' उघडला आणि त्यावर पुण्याचा यतिन नेमला गेला. महायुद्धात शत्रूच्या देशात जाता येत नव्हतं, म्हणून अमेरिकन विद्वानांनी जपानी कैद्यांना विचारून, सिनेमे बघून जपानी माणूस समजून घेतला होता. त्यांचा नाइलाज होता. यतिनने तीच पद्धत उचलली. मोरिता लंचरूममध्ये सँडविच खात असत आणि यतिन काचेआडून निरीक्षण करत असे. त्यांच्याशी थेट बोलायला सगळ्यांना बंदी. दिसले की कमरेत वाकायचं, बस्स.

सेफ्टी इंजिनीअर करुणाला एका दुपारी टाकीचा व्हॉल्व्ह गळताना दिसला. लाइन बंद करायचा अधिकार मोरितांचा. तिचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलेलं, आणि नव्या कॉन्ट्रॅक्टला कक्षाची शिफारस लागायची. ती निमूट यतिनकडे गेली.

"थेट सांगायचं नाही हं," यतिन म्हणाला. "चूक दाखवली की जपानी माणसाला तोंड दाखवायला जागा राहत नाही. आधी कक्षाची मीटिंग, मग सूचक मौन, मग सोमवारी बघू."

"अरे, टाकी उडाली तर दाखवायला तोंडच राहणार नाही कोणाला!"

ती तडक मोरितांकडे गेली. त्यांनी ऐकलं, जागच्या जागी लाइन बंद करायला लावली आणि म्हणाले, "थँक्स, मेट. आणि एक सांग, इथे सगळे मला बघून का वाकतात? उलट वाकून माझी कंबर गेली. मी पर्थमध्ये वाढलोय गं!"

टाकी वाचली. कक्ष हादरला. तातडीच्या बैठकीत ठरलं, की अभ्यास बरोबर आहे, माणूस चुकीचा आहे. मोरिता थेट बोलले, सबब ते अस्सल जपानी नव्हेत. त्यांच्याशी बोलून करुणाने नमुना बिघडवला, सबब शिफारस नाही.

"तुम्ही लोक चटकन भडकता, हे मला आधीपासून ठाऊक होतं," यतिन समजुतीच्या सुरात म्हणाला.

"आम्ही लोक म्हणजे?"

"म्हणजे... आडनावावरून कळतंच ना, करुणा."

"माझ्या घरी जेवलायस कधी?"

"योग नाही आला."

"दर बुद्ध पौर्णिमेला बोलावते. दर बुद्ध पौर्णिमेला तुझं पोट बिघडतं. आपल्या गणपतीला सगळे डबे आणतात, त्या पॉटलकला मात्र ठणठणीत असतोस. फक्त माझा डबा तेवढा तुझ्या हाताला लागत नाही."

यतिन खिडकीबाहेर बघू लागला.

"त्या विद्वानांचं युद्ध चालू होतं, म्हणून त्यांना जाता आलं नाही," करुणा म्हणाली. "तुझं माझ्याशी कुठलं युद्ध चालू आहे, यतिन?"

कॉन्ट्रॅक्ट संपलं. करुणाचं टेबल रिकामं झालं.

आणि यतिनला हसत इथवर वाचत आलेल्या सज्जनांनो, तुमचं काय? तुमचं पोट नेमकं कोणाकोणाचं आमंत्रण आलं की बिघडतं? सांगा ना!