पंधरा चिठ्ठ्यांचे घर

रविवार, २८ सप्टेंबर २००३. सकाळी ऊन, दुपारी उकाडा, चारला दहा मिनिटे पाऊस.

परवा शाळेतल्या मिसनी बोलावले होते. आमच्या पोरीला, गंधालीला, एबीसीडी तोंडपाठ आहे, पण शब्द वाचता येत नाही. अठरा ऑक्टोबरला पाच शब्द वाचून दाखवायचे, नाही तर दिवाळीनंतर पहिलीतून पुन्हा केजीत. "अक्षर का नाम नहीं, आवाज सिखाइए," मिस म्हणाल्या.

आमचे वेगळे राज्य झाल्यापासून भोपाळहून आलेल्या सरकारी फायलींना चिठ्ठ्या लावण्यात माझी तीन वर्षे गेली. चिठ्ठी लावली की वस्तू सापडते, हा माझा अनुभव आहे. (वस्तू सापडली नाही, तरी निदान चिठ्ठी सापडते.) म्हणून आज पंख्याच्या बटणाला 'फॅन', पलंगाला 'बेड', डब्याला 'टिन', अशा पंधरा इंग्रजी चिठ्ठ्या फायलीच्या दोऱ्याने बांधल्या आणि रजिस्टरात क्रमांक टाकले.

"काहून हो," बायको, सुनीती, म्हणाली, "घराचा लिलाव करून राहिले काय?"

बुधवार, १ ऑक्टोबर. ऊन.

आज चौथ्या दिवशी गंधाली पंधराच्या पंधरा घडाघडा वाचू लागली. मी ऑफिसात पेढे वाटले.

रविवार, १२ ऑक्टोबर. आकाश स्वच्छ, सकाळी किंचित गारवा.

दिवाळीची साफसफाई झाली. संध्याकाळी शेजारच्या अनंतरावांना पोरीचे वाचन ऐकायला मुद्दाम बोलावले. गंधाली पलंगापाशी उभी राहिली आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "बेड!"

अनंतरावांनी चष्मा लावला. "अहो, इथं तर टिन लिहून आहे."

"फॅन!" गंधाली पुढे गेली होती. तिथे 'मॅट' होते.

कामाच्या शांताबाईंनी झाडताना सगळ्या चिठ्ठ्या सोडल्या होत्या आणि जागा दिसेल तिथे परत बांधल्या होत्या. त्यांना वाचता येत नाही. म्हणजे पोरगी इतके दिवस चिठ्ठी नव्हे, पलंग वाचत होती!

"तुमची पोट्टी हुशार आहे," अनंतराव उठत म्हणाले. "सामान बरोबर ओळखते."

मी रजिस्टर काढून चिठ्ठ्या क्रमाने लावायला निघालो. सुनीतीने रजिस्टर हातातून घेतले. "राहू द्या तशाच. बाई लावतील."

शुक्रवार, १७ ऑक्टोबर. ऊन.

सोमवारपासून शांताबाई रोज तीन चिठ्ठ्या, एकेक सोडून, गंधालीपुढे धरू लागल्या. "नोनी, येला कहाँ बाँधों? मोला तो नइ आवय."

गंधालीला मोठा मान मिळाला. ती चिठ्ठीवर बोट ठेवी. "ब्... ए... ड्. बेड! दाई, पलंग को बाँधो."

"हव! अउ मोला घलो सिखा." त्यांनाही शिकायचे होते.

मग दोघी जमिनीवर बसून एकमेकींच्या चुका काढत. मी दारातून पाहत असे. (आत गेलो की गंधाली म्हणे, "बाबा, अभी नहीं, पढ़ाई चल रही है.") आजपर्यंत पंधराही चिठ्ठ्या आपापल्या जागी गेल्या. मी नेमक्या जागी चिठ्ठ्या बांधून ठेवलेल्या घरात पोरीला वाचायची गरजच नव्हती. शांताबाईंनी ती निर्माण केली. त्यांचे हे उपकार मी इथे लिहून ठेवतो आहे, कारण तोंडावर बोललो तेव्हा त्या म्हणाल्या, "साहेब, पहिली गोड उठावव, पोछा मारना हे." मी पाय उचलले.

शनिवार, १८ ऑक्टोबर. ऊन, वारा नाही.

गंधालीने हट्ट धरला, म्हणून शांताबाईही शाळेत आल्या. गंधालीचे झाल्यावर मिस म्हणाल्या, "घर में आवाज कैसे बोलते हैं, वो भी सुन लेती हूँ." आधी शांताबाईंना बसवले, मग मला. माझ्या पहिल्याच शब्दाला मिस म्हणाल्या, "अंकल, 'बऽ' नहीं, सिर्फ 'ब्'." मी पुन्हा 'बऽ' म्हणालो.

निकाल : गंधाली पाचपैकी पाच, पहिलीत कायम. शांताबाई पाचपैकी चार. मी पाचपैकी दोन.