वसंतनाना समुद्रात उतरतात

फेब्रुवारीतली सकाळ. मी दूध घेऊन येत होतो, तर शेजारचे वसंतनाना अंगणात पाटावर बसून निळ्या टपात तोंड बुडवून होते. डोळ्यांवर काचेचा मोठा चष्मा, तोंडात वाकडी नळी, नळीचं टोक पाण्याच्या वर आणि त्यातून घर्र घर्र आवाज. माझ्या हातातली पिशवी सुटता सुटता राहिली. म्हटलं, आटोपला कारभार! मी ओरडत फाटक ढकललं, तर नानांनी तोंड न काढताच एक बोट वर केलं. म्हणजे थांबा. थांबलो. मग ओलंचिंब तोंड बाहेर काढून, घड्याळाकडे बघत म्हणाले, "चार मिनिटं दहा सेकंद. काल तीन चाळीस होतं. गळती नाही."

तुम्हाला सांगतो, या माणसाच्या शेजारी मी बावीस वर्षं राहतोय आणि मला रक्तदाबाची गोळी अजून एकच लागते, हे माझं नशीब.

नानांनी उभी नोकरी जळगावात एका पाइपच्या कारखान्यात टेस्टिंगला काढली. पाइपात पाणी भरायचं, दाब वाढवायचा आणि कुठे थेंब फुटतोय का ते टक लावून बघत बसायचं. तीस वर्षं एखादा माणूस थेंब फुटायचीच वाट बघत बसला, तर त्याचं दुसरं काय होणार? निवृत्त झाले तरी डोळा तोच राहिला. आमच्याकडे सहज म्हणून येतात आणि गॅसच्या नळीचा वास घेतात. मागच्या उन्हाळ्यात आम्ही नवा कूलर आणला, तर त्यात पाणी भरल्यावर हे अर्धा तास त्याच्या बुडाशी बसून. चहा तिथेच मागवला. माझी बायको सुनंदा म्हणते, "नाना येऊन गेले की मला आपलं सगळं घरच आजारी आहे असं वाटतं."

"वाईट होणारच, असं धरून चाला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "नाही झालं तर आपला फायदा." लग्नाच्या मांडवात गेले की वधूवरांना बघायच्या आधी बाहेर पडायची वाट हेरून ठेवतात. आंबा खाताना कोय घशात अडकेल म्हणून धास्तावतात. अहो, कोय! ती अडकायची म्हणजे माणसाचा घसा केवढा पाहिजे!

असा माणूस टपात तोंड घालून का बसला होता? कारण कल्याणी.

कल्याणी त्यांची एकुलती एक मुलगी. नानांच्या बायकोला जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून घरात ही दोघंच. इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरी लागली, सगळं सुरळीत. मग एकदा मैत्रिणींबरोबर अंदमानला फिरायला गेली आणि तिथलं पाणी तिच्या अंगातच शिरलं. आज दोन वर्षं ती तिथल्या एका छोट्या बेटावर लोकांना समुद्रात पोहायला नेते. खाली मासे, पोवळी, कासवं दाखवते. नाना कॉलनीत सांगायचे, "हॉटेलात मॅनेजर आहे." आम्ही माना डोलवायचो. तिचे पाण्याखालचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर होते, पण बोलायचं कोणी?

फोनवर बापलेकीचं रोज एकच भांडण. हे म्हणायचे, परत ये. ती म्हणायची, नाही. शेवटी एक दिवस पोरीनं निर्वाणीचं सांगितलं, "नाना, तुम्ही एकदा इथे या. माझ्याबरोबर पाण्यात उतरा, कासव बघा. त्यानंतरही म्हणालात परत चल, तर मी सामान बांधून तुमच्याबरोबर जळगावला येते. शब्द देते. पण न उतरता बोलायचं नाही."

आता आलं लक्षात? नाना कासवासाठी टपात बसले नव्हते. पोरगी घरी आणायची होती. त्यासाठी गुडघाभर पाण्याला घाबरणारा हा माणूस समुद्रात उतरायला निघाला होता. मला म्हणाले, "तुम्ही दोघं चला. एकट्यानं काही झालं तर कळवणार कोण?" आमंत्रणाची ही तऱ्हा! तरी आम्ही निघालो.

निघायच्या आठ दिवस आधी नानांनी मला घरी बोलावलं. खोलीत चार जाड पाइप उभे होते, दोन-दोन फुटांचे, दोन्ही तोंडांना टोपणं चिकटवून गच्च बंद केलेले, आणि त्यांना कॅनव्हासचे पट्टे.

"हे काय?"

"आमच्या गावची पोरं विहिरीत पोहायला शिकायची तेव्हा पाठीला रिकामा डबा बांधायची. डब्याचा काय भरवसा? गंजतो. हा पाइप बघा. पंक्चरवाल्याकडून हवा भरून, पाण्यात दाबून बघितलाय. एक बुडबुडा नाही."

"नाना, तिथे जॅकेट देतात."

"ते कोणी टेस्ट केलंय?"

भुसावळहून रेल्वेनं चेन्नईला गेलो. विमानतळावर व्हायचं तेच झालं. चार बंद नळकांडी बघून तिथला जवान ताठ उभा राहिला. "इसमें क्या है?"

"हवा," नाना म्हणाले.

"हवा क्यों?"

"तरंगने के लिए."

जवानानं आणखी दोघांना बोलावलं. नानांचा चेहरा पांढराफटक पडला. ते मूळचे धुळ्याकडचे. एरवी आमच्याशी शुद्ध बोलतात, पण घाबरले की अहिराणी बाहेर पडते. माझा दंड धरून म्हणाले, "मरी गऊ रे भो! आते हाई बठ्ठं उघडतीन!" जिवाची नाही, पाइप उघडतील याची काळजी! शेवटी यंत्रातून तीनदा फिरवून, हसू दाबत त्यांनी पाइप सोडले.

बेटावर कल्याणी धक्क्यावरच उभी होती. काळीभोर झालेली, केस खारट वाऱ्यानं ताठ. वडिलांच्या पाया पडली. नानांनी आशीर्वाद दिला आणि लगेच विचारलं, "इथे दवाखाना किती लांब?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं ठरलं. नाना रात्रभर झोपले नसावेत. सकाळी नाश्त्याला इडली पुढे आली तर तिच्याकडे नुसते बघत राहिले. पुटपुटले, "आजचा एक तास काढायचा. मग घेऊन जातो तिला." मला त्यांची कीव आली आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटली. साठी उलटलेला माणूस. काही कमीजास्त झालं असतं, तर मी कोणाला काय तोंड दाखवलं असतं?

पाणी हिरवं, स्वच्छ, गळ्याएवढं. सुनंदा वाळूवर बसली. मी रबरी चाक घट्ट धरून त्यांच्या मागे. नाना तिथलं जॅकेट घालून, वर छातीला दोन आणि कमरेला दोन पाइप बांधून उतरले. आणि पाण्यात पडल्याबरोबर उलटे झाले. पोट वर, पाय वर, तोंड आभाळाकडे. बुडायचा तर प्रश्नच नव्हता. माणूस पाण्यात नव्हताच, पाण्याच्या वर होता! कल्याणीनं पालथं केलं की पाइप पुन्हा उताणे करायचे.

तेवढ्यात ती कुजबुजली, "नाना, कासव! तुमच्या बरोबर खाली. हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. दिसलं?"

"आभाळ दिसतंय," नाना म्हणाले.

मला हसू आवरेना, पण पोरगी हसली नाही. म्हणाली, "नाना, हे सोडावं लागेल."

"काय?"

"पाइप. हे असताना तुमचं तोंड पाण्यात जाणारच नाही."

नाना लाटेवर नुसते वरखाली होत राहिले. माझ्याकडे बघितलं, मी मान फिरवली. मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी कमरेचा एक पट्टा सोडला. पाइप तरंगत माझ्याकडे आला. मग दुसरा. "माय वं," ते म्हणाले. तिसऱ्याची गाठ सुटेना, ती कल्याणीनंच काढली. चौथा त्यांनी स्वतः काढला आणि माझ्याकडे न बघता ढकलून दिला. मग लेकीचा हात दोन्ही हातांनी धरला आणि तोंड पाण्यात घातलं.

मीही चाकावरून वाकून चष्म्यातून खाली बघितलं. परातीएवढं कासव होतं, सावकाश गवत खात. त्याला आमची काही पडली नव्हती. मग ते उठलं आणि आमच्यापासून दोन हात अंतरावर वर आलं, पाण्याबाहेर डोकं काढून फुस्स करून श्वास घेतला, आणि परत खाली गेलं. पण मी नानांकडे बघितलं, तर नाना कासवाकडे बघतच नव्हते. ते कल्याणीकडे बघत होते. ती त्यांचा हात धरून, अंग सैल सोडून, आपल्या ओसरीवर बसल्यासारखी पाण्यात होती. बारीकशी हसत होती. आई गेल्यापासून मी तिला कधी अशी बघितली नव्हती. नानांनीही नसावी.

किनाऱ्यावर आलो. नाना टॉवेल पांघरून बसले. कल्याणी समोर उभी राहिली आणि सरळच विचारलं, "मी शब्दाची पक्की आहे. बोला नाना. सामान बांधू?"

दोन महिने टपात तोंड घालून ज्याच्यासाठी बसले, तो प्रश्न होता हा. नानांनी टॉवेल खांद्यावर घट्ट ओढला. मग म्हणाले, "राहा."

"काय?"

"राहा म्हटलं ना. तुला इथं बरं वाटतंय. दिसतंय मला, आंधळा नाहीये मी."

पोरगी तिथेच वाळूत बसून बापाच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. सुनंदाही रडली. मी चष्मा पुसत राहिलो. थोड्या वेळानं तिची पुढची तुकडी आली, पाठीला सिलिंडर बांधून खोल उतरणारी. कल्याणी डोळे पुसून त्यांच्याबरोबर बोटीत बसली. लांब पाण्यावर तरंगणाऱ्या एका नारिंगी बोयापाशी बोट थांबली आणि ती पाठमोरी होऊन पाण्यात पडली.

नाना झटकन उठले आणि समुद्राकडे पाठ करून नारळाच्या बुंध्यावर बसले.

"बघा ना नाना, किती छान दिसतंय," सुनंदा म्हणाली.

"मला बघवत नाही. तुम्ही बघा," ते मला म्हणाले. दोन मिनिटं झाली नाहीत तोच, "उनी का?"

"इतक्यात कुठली येते? आत्ताच तर गेली. अर्धा तास लागेल."

शहाळं आणलं, ते हातात धरून बसले. एक घोट घेतला नाही. "वर उनी का?" नाही नाना. "आते?" नाही. मानेवर घाम. मीही बोयावरून नजर हलवत नव्हतो, आणि ती माझी मुलगीही नव्हे. शेवटी बोयाजवळ एक काळं डोकं वर आलं, मग हात हलला.

"आली," मी म्हणालो. "आली हो नाना, हात करतेय."

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. मग शहाळ्याकडे बघत म्हणाले, "पुन्हा कधी जाते?"

"तीन वाजता म्हणत होती. रोज तीन-चार फेऱ्या असतात."

"रोज," नाना म्हणाले. शहाळं वाळूत ठेवलं. मग माझ्या हातावर हात ठेवला. हात अजून गार होता.

"इथं समुद्राकडे बघून सांगायला तुम्ही तरी आहात हो. जळगावला घरात बसून मी कोणाला विचारू, ती वर आली का म्हणून?"