बांगडा ऋतूत बसत नाही

जी गोष्ट थोडक्यात सांगायची असते, ती शिकवायला वेळ फार लागतो. म्हणूनच सतरा अक्षरांच्या जपानी हायकूसाठी मालवण तालुक्यातल्या शिक्षकांना तीन दिवसांचे प्रशिक्षण देण्यात आले, आणि ते योग्यच झाले. पहिला दिवस उद्घाटनात गेला. दुसऱ्या दिवशी मौनाच्या महत्त्वावर व्याख्याने झाली (माइकवरून). तिसऱ्या दिवशी नियम कळले: ओळींत पाच-सात-पाच अक्षरे, एक ऋतू, आणि दुःख उघड बोलायचे नाही.

शेवटचा नियम गुरुदास सरांना सोपा गेला. त्यांची बायको आनंदी श्रावणात वारली, तेव्हापासून ते तेवढेच करत होते.

नववीचा वर्ग ऋतू शोधायला लागला. बहुतेकांनी बांगडे घेतले, काहींनी काजू, एकाने पर्यटक. सरांच्या शेजारच्या संचिताने लिहिले:

बांगडे इले
मांजर जाग्यावर
काकी खंय गो

संचिताची काकी म्हणजे आनंदी; ती पायरीवर बसून मासे कापायची आणि डोकी मांजराला घालायची. सरांनी कागद दोनदा वाचला.

"ह्या कोणी इचारल्यान?"

"नवी मासेवाली, नर्मदा. तिका म्हायत नव्हता."

"मगे तू काय सांगलंस?"

"मी मांजराकडे बघलंय. तिना मांजराक एक बांगडो घातल्यान नि गेली."

हा हायकू जसाच्या तसा जिल्ह्याच्या स्पर्धेत जावा, एवढेच सरांचे म्हणणे होते. नोकरीत त्यांनी पहिल्यांदाच काही मागितले. विषयतज्ज्ञ धनेश साहेबांनी तो आस्थेने तपासला. बांगडा हा मासा आहे, ऋतू नव्हे (ऋतूंच्या जपानी यादीत चेरी आहे, बर्फ आहे). बोलीला गुण नाहीत. मांजर मात्र राहू दिले. जपानी लोकांना मांजर आवडते.

"आपल्याकडे चेरी नाही, साहेब."

"केकवर असते ना, सर."

सुधारलेला हायकू जिल्ह्यात पहिला आला:

चेरी फुलली
मांजर जागेवर
काकू कुठे गं

परीक्षकांनी अभिप्राय दिला, 'काकू फुले बघायला गेल्या असाव्यात. आशादायी.' सरांचा सत्कार झाला. घरी आल्यावर शाल कोणाच्या हातात द्यायची ते न कळून ते पायरीवर बसले. मांजर थोडे सरकले.

मराठी वाचक चोखंदळ आहे. दोन्ही हायकू वाचताना आपण बोटांवर अक्षरे मोजली असतीलच. बरोबर भरतात. काकी खंय, हे विचारणारी मात्र अजून एकटी नर्मदाच आहे.