बंदुकीचा घास

“अहो, अशोकला कुठली देताय? आणि शशिकलाला?” जयवंतीबाईंनी लोखंडी कपाटाचं दार धरून विचारलं. ऐकणाऱ्याला वाटावं, घरात आहेराची निवडानिवड चाललीय. प्रत्यक्षात कपाटात बंदुका होत्या आणि परसातल्या भिंतीवर दरोडेखोर चढत होता.

मधुसूदन खांबेट्यांचा जन्म तमिळ मुलखातल्या आवडी नावाच्या गावी, सरकारी कारखान्यात बंदुकीच्या नळ्या तपासण्यात गेला. नळी डोळ्याला लावायची, पलीकडचा उजेड बघायचा आणि मान हलवून “पास” म्हणायचं. निवृत्तीनंतर घरात तीन बंदुका उरल्या. एक परवान्याची दुनळी, एक आजोबांची ठासणीची आणि एक पापडांवरचे कावळे हाकलायची छऱ्याची.

दोन हजार सातचा मे होता. भरदुपारी लोक जेवून लवंडले की पाठीवर पोतं घेतलेली टोळी घरात शिरते, अशी आवई उठली होती. आवई अंबत्तूरहून निघाली तेव्हा टोळीत चौघे होते. आवडीला पोचेपर्यंत चाळीस झाले, आणि इस्त्रीवाल्याच्या मते त्यांच्याबरोबर एक हत्तीही होता. खांबेट्यांनी हत्ती सोडून बाकी सगळं मानलं आणि फाटकाला दिवसाढवळ्या कुलूप ठोकलं.

चोरीपेक्षा मोठा घोर वेगळाच होता. मुलगी ऊर्मी अड्यारला नोकरीला. तिनं श्रीपेरुंबुदूरच्या मोटार कारखान्यातला चंद्रमौळी पसंत केला होता. मुलगा तंजावरी मराठी, हिऱ्यासारखा. पण त्याचे वडील जनकोजीराव मानापानाचे पक्के. पहिल्या भेटीला खांबेट्यांनी त्यांना चहा प्लॅस्टिकच्या कपात दिला होता. “आम्हांस विचार करावा लागेल,” एवढं बोलून ते जे गेले, ते आता उद्या येऊन शेवटचा शब्द देणार होते. म्हणून तर जयवंतीबाईंचा धाकटा भाऊ अशोक आणि त्याची बायको शशिकला नाशिकहून येऊन राहिले होते. आज आमरस झाला, वीज गेली, सगळे आडवे झाले, आणि शेजारच्या त्रिपुरसुंदरीअम्मा खिडकीतून ओरडल्या, “तिरुडन! तिरुडन!”

“म्हणजे?” अशोक.

“चोर!” खांबेटे ताडकन उठले. “आपल्या मागच्या भिंतीवर पोतं घेऊन चढतोय म्हणतात.”

“दाजी, मी बँकेतला माणूस. आमच्याकडे बंदूक वॉचमनकडे असते.”

“अशोकराव, बंदूक स्थळासारखी असते. माणसाची पत्रिका बघून द्यावी लागते. तुम्ही शांत प्रकृतीचे, तुम्हाला छऱ्याची. वहिनी, तुम्ही ही ठासणीची घ्या.”

शशिकलानं ती उचलली, अंगाला लावली आणि तोंड वाकडं केलं. “भावजी, ही फार उंच आहे हो मला. याच्यात हलकी नाही का? ती अशोककडची बघू.”

“अगं, त्याला शोभतेय ती!” जयवंतीबाई म्हणाल्या.

“वन्सं, मला ठासायचं कसं ते तरी सांगा.”

“ठासू नका, नुसती धरा. वजनानंच माणूस घाबरतो.” खांबेट्यांनी दुनळी घेतली, काडतुसांचा डबा काखेत मारला आणि फौज परसात निघाली. जयवंतीबाई लाटणं घेऊन पिछाडीला होत्या.

भिंतीच्या पलीकडून धापा ऐकू येत होत्या. आधी एक पोतं वर आलं आणि भिंतीवर टेकलं.

“डोकं दिसलं की बार काढणार,” खांबेटे पुटपुटले. त्यांनी दुनळी उघडली आणि काडतूस घालण्याआधी जन्माच्या सवयीनं नळी डोळ्याला लावली. पलीकडे काळोख! दुसरीतून पाहिलं, तिथेही अमावास्या.

“जयू, नळीत काय आहे?”

“काय असणार? नैवेद्य.”

“नैवेद्य?”

“दर खंडेनवमीला घालते. पूजा करायची, गंध लावायचं आणि घास द्यायचा नाही? घरादारानं पुरणपोळी हाणायची आणि ती उपाशी? तोंड आहे ना तिला!”

“आणि या दोघींना?”

“त्या काय सवतीच्या आहेत? इथे आल्यापासून पुरणावर हरभऱ्याची सुकी उसळ, इथलं सुंडल, तेही देते.”

सगळ्या जगाच्या नळ्या तपासणाऱ्या माणसानं घरची नळी तीस वर्षं पाहिली नव्हती. “आता नुसता धाक,” ते कसेबसे म्हणाले आणि बिनकाडतुसाची दुनळी रोखून उभे राहिले. दोन्ही बाजूंना अशोक आणि शशिकलानंही रोखल्या. तेवढ्यात भिंतीवर एक जरीकाठी पागोटं उगवलं, त्याखाली गंध, त्याखाली भरघोस मिशा.

जनकोजीराव!

खांबेट्यांच्या डोळ्यांपुढून लग्नाचा मांडव उडत गेला. त्याच क्षणी अशोककडून चाप ओढला गेला. छरा भरायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. “फुस्स” झालं आणि नळीतून एक वाळका हरभरा निघून पोत्यावर टपकन आपटला.

“गेल्या नवमीचा,” जयवंतीबाई हळूच म्हणाल्या.

जनकोजीरावांनी हरभरा उचलला. ओळीनं रोखलेल्या बंदुका पाहिल्या. त्यांच्या मिशा थरथरू लागल्या.

“सम्मंदी,” व्याही गदगदून म्हणाले, “बंदुकांची मानवंदना! आमच्या पणज्यांनंतर कोणी दिली नव्हती हो! आणि गोळीच्या जागी धान्य घातलेत! अय्यो, केवढा विचार!”

खांबेट्यांची दुनळी अजून रोखलेलीच होती. शशिकलानं मात्र प्रसंग ओळखून ठासणीची बंदूक खांद्याला लावली आणि खाडकन सलाम ठोकला.

“पण तुम्ही असे भिंतीवरून?” खांबेटे.

“उद्या अष्टमी की हो! अष्टमीस शुभ कसे बोलावे? म्हणून आजच आलों. फाटकास कुलूप, घंटी वाजेना. हाती फणस. करावे काय? आमचे वाडवडील किल्ले चढले, मला भिंत चढवेना होय?” त्यांनी पोत्यावर थाप मारली. “मुलगी आमची झाली. लग्नातही हीच सलामी पाहिजे, धान्याची!”

चौघांनी मिळून आधी व्याही उतरवले, मग फणस. चहा चांदीच्या पेल्यात दिला. व्याह्यांचा घोट घशाखाली उतरेपर्यंत खांबेटे बायकोकडे अशा नजरेनं बघत होते, जशी त्यांनी लग्नाच्या दिवशीही तिच्याकडे टाकली नव्हती.

त्या साली खंडेनवमीला पूजेला जावई होता. जयवंतीबाईंनी पुरणाचा घास उचलला, तर नवऱ्यानं तो हातातून घेतला. स्वतः दुनळीत घातला, करंगळीनं आत लोटला.

“अजून थोडं वाढ,” ते म्हणाले, “पोट भरलं नाही तिचं.”

मग नळी डोळ्याला लावली. उजेडाचा ठिपकासुद्धा दिसेना. खांबेट्यांनी समाधानानं मान हलवली.

“पास.”