अण्णांचं हलकं चाक

आमच्या शेजारच्या महादूअण्णांच्या टूथब्रशला दांडा नाही. त्यांनी तो कापून टाकलाय. विचारलं तर म्हणतात, "दात काय दांड्यानं घासायचं व्हय?"

वरवे बुद्रुकला त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. जगातली प्रत्येक वस्तू गरजेपेक्षा जड आहे, असं त्यांचं ठाम मत. "वजन उतरवा!" हे त्यांचं सगळ्यावरचं औषध. आमच्या घरातून कॉलेजला जाणारी मी पहिलीच. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी बॅग हातात तोलून बघितली. "बुकांचं पुठ्ठं काढून देतो. लई हलकं वाटंल." पुस्तकं लायब्ररीची होती, म्हणून वाचली.

स्वतःच्या जुन्या मोटारीतून त्यांनी आधी स्टेपनी काढली, मग दारांची अस्तरं. शेवटी इंजिनामागचं बिडाचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, लेथवर चढवलं आणि त्याच्या कडेचं बरंच लोखंड उतरवलं. "आता बघ, पाखरू झालंय!"

पाखरू अ‍ॅक्सिलरेटरला पायाचा स्पर्श होताच किंचाळायचं. पण ते चाक जड असतं तेच इंजिनाला सांभाळून घ्यायला, हे आम्हाला बसल्यावर कळलं. क्लच सोडताना जरा चुकलं की गाडी आचके देऊन बंद पडायची. अण्णा मात्र खूष. "तेज जनावर हाय!"

मग शीतलताईचा फोन आला. अण्णांची एकुलती एक मुलगी, वेल्ह्याला दिलेली. आई नसलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती.

"रविवारी न्यायला येतो," अण्णा म्हणाले.

"त्या गाडीत? अण्णा, म्या न्हाई बसायची. सासूबाई बी नगं म्हणत्यात. म्या ऱ्हाती हितंच."

अण्णांनी फोन ठेवला. मग हळूच म्हणाले, "हितंच म्हनली. तिकडच्या घराला."

उतरवलेलं लोखंड परत चिकटत नाही. अण्णा भोरला भंगारवाल्याकडे गेले आणि तसलंच, न कापलेलं चाक शोधून आणलं. ते बसवलं. स्टेपनी परत आली. डिकीत तांदळाचं पोतंसुद्धा ठेवलं.

"अण्णा, पोतं?" मला राहवलं नाही.

"मागं वजन असलं की गाडी उडत न्हाई," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

रविवारी सोबतीला बाईमाणूस हवं म्हणून आईनं मला पाठवलं. ताईनं गाडीभोवती एक फेरी मारली. "येष्टीची वेळ इचारून ठेवलीय हां म्या," असं बजावूनच ती बसली.

गाडी अलगद निघाली. अण्णा इतकी हळू चालवत होते की मागून टेम्पोवाला ओरडला, "काका, धक्का मारू का?" एरवी त्याची सात पिढ्यांपर्यंत विचारपूस झाली असती. अण्णांनी नुसता हात दाखवून त्याला पुढे काढलं.

मार्गासनीच्या पुढे ताई माझ्या खांद्यावर झोपली. दारात पोचलो तरी झोपलेलीच. मी हलायला गेले, तर अण्णांनी आरशातून मान हलवली.

"अण्णा, इंजिन तरी बंद करा."

"नगं," ते कुजबुजले. "आवाज थांबला की उठंल. निजू दे."

इंजिनामागचं ते जड चाक दारात शांतपणे फिरत राहिलं.